ऋणात राहणं म्हणजे काय? ख्रिस्ती विचारातली कृपा आणि कृतज्ञता

(भिवंडी येथे झालेल्या जाहीर व्याख्यानाचं हे शब्दांकन. बोलण्याची ढब शक्य तितकी तशीच ठेवली आहे. शेवटी श्रोत्यांचे निवडक प्रश्न दिले आहेत.)



आपल्याकडचा कुठलाही कार्यक्रम घ्या, शेवटी आभारप्रदर्शन असतं. आणि आभार मानायला उभी राहिलेली व्यक्ती एक वाक्य हमखास बोलते, की आभार मानून मी त्यांना परकं करणार नाही, त्यांच्या ऋणातच राहणं पसंत करेन. तोवर अर्धा मांडव चहाकडे वळलेला असतो, त्यामुळे ते वाक्य नीट कोणी ऐकत नाही. आज आपण तिथूनच सुरुवात करू. कारण त्या वाक्यात आपण एक मोठी गोष्ट सहज बोलून जातो, ती म्हणजे काही देणी फेडायची नसतात. दुकानदाराचं बिल चुकतं केलं की आपण मोकळे आणि तोही मोकळा. पण ज्याच्याशी नातं ठेवायचंय, त्याच्यापासून असं 'मोकळं' व्हायला आपलं मन घेत नाही.

बोलायला हे सोपं आहे. खरोखर ऋणात राहायची वेळ आली की काय होतं, ते बघा.

आमच्या ओळखीतला एक यंत्रमाग कामगार आहे. नाव सांगत नाही. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागली आणि भिवंडीतले माग बंद पडले. ज्याची मजुरी मीटरवर, त्याचा माग बंद म्हणजे कमाई शून्य. तो ज्या खाणावळीत जेवायचा, तिथे महिन्याचा हिशोब वहीत लिहिला जायचा. खाणावळ चालवणाऱ्या मावशींनी त्या दिवसांत त्याला आणि आणखी काही जणांना, जमेल तसं, जेवू घातलं. पुढे तो गावी गेला, काही महिन्यांनी परतला, माग सुरू झाले, हातात पैसे आले. तो उधारी द्यायला गेला. मावशी म्हणाल्या, ते पान मी तेव्हाच फाडलं.

आता तुम्हाला वाटेल, तो आनंदाने नाचत परतला असेल. तसं झालं नाही. त्याने त्या खाणावळीत जाणंच सोडलं. जेवायला दुसरीकडे जातो, आणि कामावर जाताना ती गल्ली टाळून लांबून जातो. विचारलं तर एवढंच म्हणतो, "तोंड दाखवायला जड जातं."

मंडळी, आजचा विषय हाच आहे. आपल्या लायकीपलीकडचं काही मिळालं की माणूस हलका होतो का जड? आणि ते मिळाल्यावर त्याने करायचं काय?

भिवंडीत हा विषय कशाला?

विषय जाहीर केला तेव्हा आम्हाला विचारलं गेलं, भिवंडीत ख्रिस्ती असे किती, मग 'ख्रिस्ती विचारातली कृपा' इथे कशाला? प्रश्न रास्त आहे. पण कृपेचा विचार एका धर्माच्या मालकीचा नाही. कुराणाच्या ११४ सुरांपैकी एक सोडून प्रत्येकीची सुरुवात परम दयाळू, परम कृपाळू अशा ईश्वराच्या नावाने होते. दक्षिणेतल्या श्रीवैष्णव आचार्यांमध्ये शतकानुशतकं एक वाद चालला. माकडाचं पिल्लू आईला स्वतः घट्ट धरून ठेवतं, तर मांजराच्या पिल्लाला आईच तोंडात धरून नेते. मग भक्त कोणासारखा? त्याने धरायचं, का त्याला धरलं जातं? मर्कटकिशोर आणि मार्जारकिशोर न्याय म्हणतात तो हा. आपल्या वारकरी संतांनाही हा प्रश्न परका नाही.

ख्रिस्ती धर्मात मात्र हा प्रश्न अगदी केंद्रस्थानी आला. पाचव्या शतकाच्या सुरुवातीला ऑगस्टीन आणि पेलाजियस यांचा वाद झाला तो यावरच, की माणूस स्वतःच्या बळावर चांगला होऊ शकतो का, का त्याची सुरुवातसुद्धा देवाच्या कृपेनेच होते. १५१७ नंतर मार्टिन ल्यूथरने युरोप हलवला, त्याच्याही मुळाशी तारण कमवायचं असतं की मिळायचं असतं, हाच प्रश्न होता.

एक शब्दाची गंमत सांगतो. नवा करार ग्रीक भाषेत लिहिला गेला. त्यात कृपेसाठी 'खारिस' हा शब्द आहे. तोच शब्द ग्रीकमध्ये 'आभार' या अर्थानेही येतो. देणाऱ्याच्या बाजूने पाहिलं तर कृपा, घेणाऱ्याच्या बाजूने पाहिलं तर कृतज्ञता, आणि शब्द एकच. प्रभुभोजनाच्या विधीचं 'युखारिस्त' हे जुनं नाव याच शब्दापासून आलं, आणि त्याचा अर्थ उपकारस्तुती. 'उपकारस्तुती' हा मराठी ख्रिस्ती लोकांच्या प्रार्थनेतला रोजचा शब्द. बघा, त्यात उपकाराची 'फेड' नाही, 'स्तुती' आहे. या फरकाकडे लक्ष ठेवा.

नाक्यावरचा हिशोब

आता येशूने सांगितलेला एक दाखला घेऊ. मत्तयाच्या शुभवर्तमानात, विसाव्या अध्यायात तो आहे. आमच्या शब्दांत सांगतो.

एका मळेवाल्याला द्राक्षमळ्यात माणसं हवी होती. पहाटे नाक्यावर गेला, दिवसाचा एक दीनार ठरवून माणसं घेतली. एक दीनार म्हणजे तेव्हाची एका दिवसाची मजुरी. नऊच्या सुमाराला पुन्हा गेला, आणखी माणसं घेतली. बाराला, तीनला तसंच. संध्याकाळी पाचला गेला तर काही जण अजून उभेच. विचारलं, दिवसभर रिकामे का? ते म्हणाले, आम्हाला कोणी कामावरच घेतलं नाही. त्यांनाही पाठवलं. सहाला पगार. शेवटी आलेल्यांपासून सुरुवात केली, आणि तासभर काम केलेल्याच्या हातावर ठेवला पूर्ण एक दीनार. पहाटेवाल्यांचे डोळे चमकले. त्यांची पाळी आली, त्यांनाही एकच दीनार. मग भांडण.

भिवंडीत हा दाखला सांगितला की ऐकणारा पहिल्यांदा पहाटेवाल्यांचीच बाजू घेतो, असा आमचा अनुभव आहे. इथे मजुरी मोजून मिळते. जितकं कापड, तितका पैसा. त्यात एक न्याय आहे आणि तो सोडायचं कारण नाही. मालकाने ठरलेली मजुरी बुडवली तर कृपेच्या गोष्टी सांगून चालणार नाही. दाखल्यातल्या मळेवाल्यानेही कोणाची मजुरी बुडवलेली नाही. जे ठरलं ते दिलंच.

पण पाच वाजता नाक्यावर उभ्या असलेल्या माणसाकडे बघा. तो आळशी होता असं दाखला म्हणत नाही. त्याला कोणी निवडलं नाही. म्हातारा असेल, अंगाने बारीक असेल. त्याच्या घरी चूल मात्र पूर्ण दिवसाचीच पेटायची आहे. तासाच्या मजुरीत दिवसाचं पोट भरत नाही. मळेवाला त्याच्या कामाकडे बघून देत नाही, त्याच्या गरजेकडे बघून देतो. आणि स्वतःच्या चांगुलपणातून देतो.

ही कृपा. मजुरी हक्काची असते, ती घेताना मान खाली घालायचं कारण नाही. कृपेवर हक्क नसतो. ख्रिस्ती शिकवण म्हणते की देवापुढे आपण सगळेच पाच वाजताचे मजूर आहोत. गंमत अशी की आपण सगळे स्वतःला पहाटेचे समजतो.

पंडितेला काय मिळालं?

आता हे महाराष्ट्रातल्या एका आयुष्यात उतरलेलं बघू. पुण्याहून दौंडकडे जाताना केडगाव स्टेशन लागतं. तिथे पंडिता रमाबाईंचं मुक्ती मिशन आहे.

रमाबाईंचा जन्म १८५८ चा. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी लोकांचा विरोध पत्करून बायकोला आणि मुलीला संस्कृत शिकवलं. कुटुंब तीर्थोतीर्थी हिंडायचं, पुराणं सांगायचं, दानधर्म करायचं. १८७० च्या दशकातल्या दुष्काळात होतं नव्हतं ते संपलं. जंगलात पाला खाऊन दिवस काढायची वेळ आली. वडील गेले, आई गेली, मोठी बहीण गेली. उरले रमा आणि भाऊ श्रीनिवास. दोघं पायी देशभर फिरले आणि १८७८ मध्ये कलकत्त्याला पोचले. तिथल्या विद्वानांनी या वीस वर्षांच्या मुलीची परीक्षा घेऊन तिला 'पंडिता' आणि 'सरस्वती' या पदव्या दिल्या.

हे लक्षात घ्या. या बाईने आयुष्यात जे मिळवलं ते कष्टाने मिळवलं होतं. पाठांतर, विद्या, मान, सगळं. भाऊ गेला, लग्नानंतर दोन वर्षांच्या आत पती बिपिनबिहारी मेधावी गेले, पदरात लहानगी मनोरमा. तरी १८८२ मध्ये पुण्यात आर्य महिला समाज उभा केला, आणि पुढच्या वर्षी इंग्लंड गाठलं. वाँटेज इथल्या ख्रिस्ती भगिनींच्या मठात त्या राहिल्या.

तिथल्या भगिनींनी त्यांना लंडनजवळ फुलहॅमला नेलं. समाजाने 'पतित' म्हणून टाकलेल्या बायकांना तिथे आसरा होता. रमाबाई थक्क झाल्या. ज्यांच्यासाठी प्रायश्चित्ताचाही मार्ग उरलेला नाही असं त्या लहानपणापासून ऐकत आल्या होत्या, त्यांची इथे कोणीतरी मायेने सेवा करत होतं. त्यांनी विचारलं, हे तुम्ही का करता? उत्तर म्हणून एका भगिनीने त्यांना योहानाच्या शुभवर्तमानातला चौथा अध्याय वाचून दाखवला. त्यात येशू विहिरीवर एका शोमरोनी बाईकडे पाणी मागतो. जात वेगळी, बाई, पाच नवरे होऊन गेलेली. तिच्याशी तो धर्मातल्या सगळ्यात खोल गोष्टी बोलतो.

२९ सप्टेंबर १८८३ रोजी रमाबाईंनी बाप्तिस्मा घेतला. पण गोष्ट इथे संपत नाही. १९०७ मध्ये लिहिलेल्या साक्षीत त्या प्रांजळपणे सांगतात, की आपल्याला तेव्हा ख्रिस्ती धर्म मिळाला, ख्रिस्त मिळाला नव्हता. धर्मही त्यांनी अभ्यासाने, विचाराने, पंडितेसारखाच मिळवला होता. आठेक वर्षांनी विल्यम हॅस्लम या इंग्रज धर्मगुरूचं आत्मवृत्त त्यांच्या हाती पडलं. वर्षानुवर्षं प्रवचनं देणाऱ्या या माणसाला स्वतःच्याच प्रवचनात उमगलं होतं, की आपण दुसऱ्यांना जे सांगतो ते आपण घेतलेलंच नाही. रमाबाईंना स्वतःचं चित्र त्यात दिसलं. आपल्या विद्येचा, चांगुलपणाचा इथे काही हिशोब नाही. जे आहे ते दिलेलं आहे, आणि ते घ्यायचं आहे.

मग त्यांनी काय केलं? १८९६ मध्ये मध्य प्रांतात दुष्काळ पडला. स्वतःच्या भुकेचे दिवस त्यांना आठवले. त्या तिकडे गेल्या आणि सुमारे ३०० मुली-बायकांना घेऊन आल्या. केडगावला त्यांच्यासाठी निवारा उभा राहिला. १९०० च्या गुजरातमधल्या दुष्काळानंतर तिथली संख्या २,००० च्या घरात गेली. आणि त्या आवारात, ज्या बायकांना कुठेच जागा नव्हती, ज्यांना लोक 'बिघडलेल्या' म्हणायचे, त्यांच्यासाठी त्यांनी वेगळं घर बांधलं. त्याचं नाव ठेवलं कृपा सदन.

फुलहॅमला जे पाहिलं, त्याची परतफेड फुलहॅमच्या भगिनींना करून उपयोग नव्हता. त्यांना त्याची गरजही नव्हती. ती कृतज्ञता केडगावला उतरली, तिसऱ्याच माणसांच्या पदरात. आम्हाला आज सांगायचं आहे ते हेच. कृपा आली त्या वाटेने परत जात नाही, पुढे जाते.

फेड अडकली की काय होतं

पुढे गेली नाही तर काय होतं, त्यावर येशूचा आणखी एक दाखला आहे. एका चाकराचं राजाकडे १०,००० तालांत कर्ज होतं. एक तालांत म्हणजे साधारण ६,००० दिवसांची मजुरी. म्हणजे कर्ज ६ कोटी दिवसांच्या मजुरीइतकं. वर्षाला ३०० दिवस कामाचे धरले तर २ लाख वर्षं राबावं लागेल. तो राजाच्या पाया पडून म्हणतो, थोडं थांबा, सगळं फेडतो. राजाला कळतं की हे शक्यच नाही. तो सगळंच माफ करतो. चाकर बाहेर येतो, आणि ज्याच्याकडून त्याला १०० दीनार येणं होतं, त्याचा गळा धरतो.

असं का केलं त्याने? आम्हाला वाटतं, माफी त्याच्या आत पोचलीच नाही. 'फेडतो' हेच त्याच्या डोक्यात राहिलं. जो अजून फेडायच्याच हिशोबात आहे, तो दुसऱ्याकडून वसूलच करणार.

हे पोचायला वेळ लागतो, हेही खरं. जॉन न्यूटन हा इंग्रज खलाशी गुलामांच्या व्यापारात होता. १७४८ मध्ये समुद्रात वादळात सापडला, वाचला, आणि देवाकडे वळला. पण त्यानंतरही काही वर्षं तो गुलामांची जहाजं नेतच होता. पुढे धर्मगुरू झाला. कृपेवरचं त्याचं गीत आज जगभर गायलं जातं, ते १७७३ च्या पहिल्या दिवशीच्या उपासनेसाठी लिहिलेलं. आणि गुलामांच्या व्यापाराविरुद्ध त्याने जाहीर पत्रक काढलं ते १७८८ मध्ये. वादळापासून मोजली तर ४० वर्षं झाली. गीत आधी आलं, ज्यांना त्याने साखळ्या घातल्या होत्या त्यांची आठवण फार उशिरा. कृतज्ञता नुसती गाऊन भागत नाही, हे त्याच्याच आयुष्यात दिसतं.

उपकार आणि आज्ञा

आता एक अवघड गोष्ट. उपकार करणारा पुष्कळदा बदल्यात आज्ञाधारकपणा मागतो. रमाबाईंना याचा अनुभव आला. ज्यांनी त्यांना आधार दिला, त्या वाँटेजच्या मंडळींची अपेक्षा होती की त्यांनी श्रद्धेच्या बाबतीत चर्चचं मुकाट्याने ऐकावं. पुरुष विद्यार्थ्यांना शिकवू नये, असं बिशपांनी सुचवलं. सिस्टर जेराल्डाइन यांच्याशी झालेला त्यांचा पत्रव्यवहार आज छापील उपलब्ध आहे. त्यात ऋण मान्य आहे, प्रेम आहे, पण सदसद्विवेकबुद्धी गहाण टाकायला त्या ठाम नकार देतात. कृतज्ञता म्हणजे ताबेदारी नव्हे, हे त्यांनी जगून दाखवलं.

पण मग तीच फूटपट्टी त्यांनाही लावायला हवी. मुंबईत १८८९ मध्ये सुरू केलेलं शारदा सदन पुण्याला आल्यावर तिथल्या मुली त्यांच्या प्रार्थनेला बसू लागल्या. 'केसरी'ने टीकेची झोड उठवली. १८९३ मध्ये रानडे, भांडारकर यांच्यासारखे सल्लागार बाजूला झाले, पालकांनी मुली काढून नेल्या. पुढे मुक्तीत तर वातावरण उघडच ख्रिस्ती होतं. दुष्काळातून आलेल्या, कोणी नसलेल्या मुलीला 'नको' म्हणायची मोकळीक कितपत होती? हा प्रश्न आम्ही टाळत नाही. ज्या मुली जगल्या, शिकल्या, छपाईसारखे हुन्नर शिकून पायावर उभ्या राहिल्या, त्यांचं जगणंही खरं, आणि हा प्रश्नही खरा. भाकरीवर अट आली की ती कृपा राहत नाही, मजुरी होते. देणाऱ्याने कोणत्याही देवाचं नाव घेतलं तरी.

म्हणून देताना आपण एवढं तपासावं, की समोरच्याने माझं न ऐकता, माझ्यासारखं न होता हे घेतलं, तर माझा हात आखडेल का?

पुन्हा त्या गल्लीत

शेवटी आपल्या त्या मित्राकडे येऊ. त्याला जड का वाटतं? कारण मावशींनी पान फाडलं तरी त्याने ते मनात जपून ठेवलंय. वही बंद झाली हे त्याला मान्यच नाही. त्याच्या मनात तो अजून उधार आहे, आणि मावशी सावकार. प्रत्यक्षात मावशींनी सावकार व्हायला नकार दिला होता.

घेणं ही सुद्धा एक नम्रता आहे, मंडळी. देणाऱ्याला वर बसल्यासारखं वाटतं, म्हणून देणं सोपं. घेताना कबूल करावं लागतं, की मला गरज होती आणि माझं स्वतःचं पुरलं नाही. ते कबूल केलं की मान खाली जायचं कारण उरत नाही. तो त्या खाणावळीत जाऊन बसला, आजच्या जेवणाचे रीतसर पैसे देऊन जेवला, तर मावशींना दुसरं काही नको असेल. आणि बाजूला नवा आलेला, पहिली मजुरी हातात न पडलेला एखादा पोरगा दिसला, तर त्याच्या ताटाचे पैसे याने द्यावेत. वहीत न लिहिता.

ऋणात राहणं म्हणतात ते हे. आमचंही आभारप्रदर्शन यातच आलं असं समजा.

श्रोत्यांचे प्रश्न

*सगळं फुकट माफ होणार असेल, तर माणूस वाटेल तसं वागणार नाही का?*

हा प्रश्न पहिल्या शतकातच विचारला गेला. पौलाने रोमच्या मंडळीला लिहिलेल्या पत्रात तो घेतलाय आणि साफ नाकारलाय. त्याचं म्हणणं थोडक्यात असं, की ज्याला खरंच नवं आयुष्य मिळालं, तो जुन्यात कशाला राहील? आमचं साधं उत्तर असं की मावशींनी पान फाडलं म्हणून आपला मित्र फुकट जेवायला सोकावला नाही. उलट त्याला लाजच वाटली. आता त्या लाजेची जागा आनंदाने घ्यावी, एवढंच बाकी आहे.

*आम्ही देव मानत नाही. मग कृतज्ञता कोणाची?*

आपण भाषा कमावली नाही, ती मिळाली. ज्यांनी आपल्याला अंगाखांद्यावर वाढवलं त्यांनी बिल लावलं नाही. श्रद्धाळू माणूस या सगळ्याच्या पाठीमागे एक दाता पाहतो, तुम्ही कदाचित पाहणार नाही. पण पुढे द्यायचं काम दोघांचंही सारखंच आहे.

*अन्याय करणाऱ्याला आम्ही माफ करावं, असं तुम्ही सांगताय का?*

नाही. कृपा मागून घेता येत नाही, आणि ती कोणावर लादताही येत नाही. मजुरी बुडाली असेल तर आधी मजुरी मागा. दाखल्यातल्या मळेवाल्याने आधी प्रत्येकाचा ठरलेला दीनार दिला, हे विसरू नका. न्यायाच्या पलीकडे कृपा असते, न्यायाच्या बदल्यात नसते.